शेवटचं पाणी

दुपार कलली की लाँड्रीच्या मागच्या खोलीतला उजेड दुधासारखा होतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी, आणि चादरींमधून गाळून आलेलं ऊन. त्या उन्हात वाफ तरंगत असते, माणसं अर्धी दिसतात, आवाज कुठून येतोय ते पटकन कळत नाही. लग्न होऊन या घरात आली तेव्हा वहिनीला वाटलं होतं, आपण ढगात नांदायला आलो.

आज सुट्टी. पुढचं दार बंद होतं, पण टेकडीवरच्या गुरुजींच्या आश्रमाचे कपडे सुट्टी पाळत नसत. संध्याकाळी टेकडीवरची गाडी येणार होती. धुतलेले कपडे न्यायला, दोन दिवसांसाठी माहेरी आलेल्या धाकटीला न्यायला, आणि या खेपेला तिच्या लेकीला, चिमणीला, तिथल्या मुलांच्या घरात कायमची न्यायला.

वहिनी इस्त्री करत होती. तान्ह्याला तिनं गरम टॉवेलांच्या टोपलीत ठेवलं होतं आणि तो तिथं भट्टीतल्या पावासारखा फुगून झोपला होता. टोपलीशेजारी धाकटीची चिमणी बसली होती. सात वर्षांचं पोर, पण बसणं एखाद्या म्हाताऱ्या कारकुनासारखं, पाठ ताठ, हात मांडीवर.

"चिमणे, पाणी हवंय का गं?"

चिमणीनं हात वर केला. बोट छताकडे, नजर जमिनीकडे.

"अगं, हात कशाला? घरात तोंडानं बोलतात, राणी."

हात तसाच. मग चादरीपलीकडून धाकटीचा आवाज आला, "बोल." हात खाली आला. "हवंय," चिमणी म्हणाली.

हौदाशी दादा कपडे पिळत होता. धाकटीचा थोरला भाऊ. बाबा गेल्यापासून लाँड्री त्याच्याच अंगावर पडलेली. "वा!" तो म्हणाला. "बटण दाबलं की बोलणारं मूल. आपल्या घराण्यात हे नवीनच. आपल्याकडे बोलणाऱ्याला गप्प करायला बटण लागतं."

वहिनीनं चिमणीच्या हाती पाण्याचा पेला दिला.

"त्याला शिस्त म्हणतात, दादा," चादरी बाजूला सारत धाकटी पुढे आली. वाळली होती, पण चेहऱ्यावर तेच हसू होतं. टेकडीवर जायला लागल्यापासूनचं, झाकणासारखं बसवलेलं.

"शिस्त आपल्यालाही होती. खळीच्या पातेल्यात बोट घातलं की बाबांचा धपाटा. पण पाणी मागायला परवानगी? आणि आता ते मुलांचं घर काढलंय. तिथं तू राहणार नाहीस ना तिच्याबरोबर?"

"नाही. ओढ सुटली की मूल हलकं होतं, गुरुजी म्हणतात."

"आणि भेटायचं कधी?"

"ते ठरवतील तेव्हा."

"आई, ऐकतेयस ना? तुझी नात आहे."

आई खिडकीशी स्टुलावर बसून चिमटे निवडत होती. मोडके एका डब्यात, बरे दुसऱ्यात. तिनं मान वर केली नाही. "धाकटीला बरं वाटतंय तिथं. नवऱ्यानं दुसरीकडे संसार थाटला तेव्हा कोण आलं होतं हिला सावरायला? तू? तू तेव्हा नवीन मशीन बसवत होतास."

"म्हणजे मीच वाईट."

"मी म्हटलं का तसं? मी चिमट्यांशी बोलतेय."

वहिनीनं धाकटीला चादरीचं एक टोक दिलं. दोघी पूर्वीसारख्या समोरासमोर उभ्या राहिल्या. ओढ, झटक, दुमड, जवळ ये. चार पावलांचा नाचच तो. माणूस वर्षभर लांब राहिलं तरी हाताला घडी आठवते. टोकाला टोक भिडवताना धाकटीची बाही वर सरकली आणि मनगट दिसलं.

"हे काय गं?"

"इस्त्री लागली."

"इस्त्रीचा चटका मला शिकवतेस?" वहिनीनं आपला कोपर पुढे केला, तिथं जुने डाग होते, होडीच्या आकाराचे. "इस्त्रीला टोक असतं. हा गोल आहे."

धाकटीनं बाही खाली ओढली. "दिव्याची काच होती. मीच धरली होती. मन फार भटकत होतं माझं."

"आणि गुरुजी काय करत होते?"

"शेजारी बसले होते." तिच्या आवाजात अभिमान होता, आणि त्याच अभिमानाची वहिनीला भीती वाटली. "डोळे मिटून. माझ्यासाठी."

इस्त्रीनं वाफ सोडली. टोपलीत तान्हं झोपेतच हसलं.

*

आईला ते सगळं ऐकू गेलं होतं. तिचे चिमटे थांबले होते.

बाबा गेले त्या हिवाळ्यात धाकटी नुसती रडायची. सासरी रडायची, इथं येऊन रडायची, ताटावर बसलं की रडायची. मग कुणीतरी तिला टेकडीवर नेलं, आणि परत आली तीच हसत. "आई, बाबा तिथं आहेत गं! गुरुजींच्या शालीला बाबांचा वास येतो. शाळेच्या फाटकाशी मला घ्यायला यायचे ना, तोच. मी गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, ते माझ्याकडेच आलेत."

नंतर एकदा आईही गेली होती. वाकली, शालीचा पदर नाकाशी धरला, श्वास घेतला. काहीच नाही. नुसतं कापड. आजूबाजूच्या बायका डोळे मिटून डोलत होत्या, कुणी म्हणे फुलांचा वास, कुणी म्हणे पहाटेचा. आईनंही डोळे मिटले होते. मिटलेल्या डोळ्यांनी तिला एवढंच कळलं होतं की नवरा लेकीला भेटायला आला आणि बायकोला नाही. आपल्यातच काहीतरी खोट असणार. त्या दिवसापासून गुरुजींच्या शाली ती मशीनमध्ये घालू देत नसे, स्वतःच्या हातानं धुवायची. आज ना उद्या येईल वास.

"आजी."

तिनं दचकून पाहिलं. चिमणी चादरींच्या मध्ये उभी होती आणि तिचा हात वर नव्हता. विसरली होती बहुतेक. नाक मात्र वर होतं, मांजराच्या पिल्लासारखं.

"इथं गुरुजींचा वास येतो."

"त्यांचेच कपडे आहेत ना, बाळा."

"नाही, हे तर टेबलांचे आहेत." तिनं हॉटेलातल्या टेबलांची चौकटीची कापडं हुंगली. "आणि हा पण." डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट. मग ती टोपलीवर वाकली. "बाळाला पण येतो!" मग दोरीच्या टोकाला लटकलेले निळे टॉवेल. "हे कुणाचे?"

"न्हाव्याचे," दादा म्हणाला. त्याचे हात पिळता पिळता थांबले होते.

"न्हाव्याला पण गुरुजींचा वास येतो," चिमणीनं जाहीर केलं.

दादा हसायला लागला. "घ्या! न्हावी पण सिद्धपुरुष. आणि मी बावळट त्याला केस कापायला सांगतो."

हसता हसता त्याचा आवाज मध्येच तुटला. त्यानं शेवटच्या हौदाकडे पाहिलं. मग वहिनीनं पाहिलं. मग आईनं.

कपडा साबणातून निघतो, दोन पाण्यांतून जातो, आणि शेवटी त्या हौदात बुचकळतो. त्याला घरात शेवटचं पाणी म्हणतात. त्यात लिंबाच्या वाळलेल्या पानांची पुरचुंडी सोडलेली असते. बाबांनी लावलेली पद्धत. कपडा कुबटत नाही, एवढंच ते सांगायचे. दारात गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "काय छान वास येतो हो तुमच्याकडे!" आणि घरातले एकमेकांकडे बघायचे. कसला वास? साबणाचा असेल. सगळा जन्म त्या वासात गेलेला, तो यायचा कुणाला? माशाला पाणी दाखवण्यासारखंच ते.

दादानं पुरचुंडी वर काढली, पिळली आणि चिमणीच्या नाकाशी धरली. "हा का?"

चिमणीचे डोळे मोठे झाले. "हाच. मामा, यात तर खूप गुरुजी आहेत!"

*

धाकटी हलली नाही. पुरचुंडीतून पाणी ठिबकत होतं आणि प्रत्येक थेंब तिला ऐकू येत होता.

"बघितलंस?" दादाचा चेहरा लाल झाला होता. "आपल्याच हौदातलं पाणी! बाबांच्या वेळेपासून त्यांचे कपडे इथंच येतात. मी धुतो, मी वाळवतो, आणि तो म्हातारा अंगावर घेऊन बसतो आणि म्हणतो, तुझा बाप माझ्याकडे आलाय. आणि तू आठ-आठ दिवस मौन धरतेस! चटके घेतेस!"

"मग काय झालं?" ती म्हणाली. तिचा तिलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "गुरुजींनीच बाबांच्या हातून ही पानं घालून घेतली नसतील कशावरून? आधीपासूनच? तू बाहेरचं बघतोस, दादा."

"अगं, बाबांनी त्या माणसाचं तोंड तरी पाहिलं होतं का?"

"तोंड पाहावं लागत नाही."

"म्हणजे आता काहीही झालं तरी तोच! वास आला तर त्याची कृपा, वास हौदातला निघाला तरी त्याचीच कृपा. तुला अक्कल..."

"तुला मला घरी न्यायचं नाहीये," धाकटी शांतपणे म्हणाली. "तुला जिंकायचंय."

ती वळली आणि चादरींमध्ये शिरली. एक बाजूला सारली की पुढे दुसरी, दुसरीमागे तिसरी. लहानपणी ती इथंच लपायची. बाबा मुद्दाम चुकीच्या रांगेत शोधायचे, मोठ्यानं म्हणायचे, "गेली वाटतं आमची धाकटी. चला, आता नवीन आणावी लागणार." शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून ती खाली बसली. चारही बाजूंना पांढरं. इथं बसलं की जग अजून व्हायचं आहे असं वाटायचं.

थोड्या वेळानं चादरीखाली वहिनीचे पाय दिसले. मग वहिनीच आली, कडेवर तान्हं घेऊन. शेजारी बसली.

"तूही समजवायला आलीस?"

"छे. याला पाजायला आले. बाहेर तुझा दादा आणि आई एकाच वेळी बोलताहेत. दूध नासेल."

धाकटीला हसू आलं, आणि हसताच डोळे भरले. टेकडीवर रडायला मनाई होती. रडणं म्हणजे तक्रार, गुरुजी म्हणायचे.

"वहिनी," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

वहिनीनं पदर सारखा केला.

"मागच्या थंडीत. टेकडीवर कपड्यांचं बोचकं आलं आणि उघडायची पाळी माझी होती. गाठ सोडली आणि वास आला. शालीला नाही, सगळ्यालाच. स्वयंपाक्याच्या फडक्यांनासुद्धा. मला कळलं. म्हणजे, कळतच होतं, तेवढ्यात मी गाठ परत बांधली आणि दुसरीला सांगितलं, तू सोड."

"का गं?"

"बाबा परत गेले असते." तिनं मनगटावरचा गोल चाचपला. "आणि मग हे कशासाठी होतं? दिवा, उपाशी बसणं, ते मौन. चिमणी तापात हाक मारत होती तेव्हा मी दाराशी बसून होते, आत गेले नाही. परीक्षा होती. ते सगळं खोट्यासाठी केलं म्हणू? जितकं जास्त सोसलं ना, वहिनी, तितकं ते खरं असावंच लागतं. आणि ती शिवणकामवाली, आमच्या शेजारची? तिला मीच नेलं तिथं, हाताला धरून. ती आता घरी जातच नाही. उद्या मी उठून आले तर तिला काय सांगू? लिंबाची पानं होती, चल?"

वहिनीला ठाऊक होतं, ओल्या कपड्याला वाळ म्हटलं म्हणून तो वाळत नाही. तिनं तान्ह्याला उचललं आणि धाकटीच्या हातात दिलं. "धर जरा. हात भरून आला माझा. ढेकर काढ त्याचा."

तान्हं धाकटीच्या खांद्यावर कलंडलं. जडशीळ, उबदार. तिचा हात आपोआप त्याच्या पाठीवर फिरू लागला. चिमणीला असं शेवटचं कधी घेतलं होतं? आठवेना. आठवेना हेच आठवत राहिलं.

चादर पुन्हा हलली. या वेळी आई होती. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत ती खाली बसली. शेवटच्या रांगेत आता तीन बायका आणि एक तान्हं, मावत नव्हती तरी मावली.

"मला कधी आलाच नाही," आई म्हणाली.

"काय?"

"वास. त्यांच्या शालीला. त्या पहिल्या दिवशीही नाही. मी नुसते डोळे मिटून बसले होते. वाटलं, माझीच भक्ती कमी. मला नाही भेटायचं तुझ्या बाबांना." ती थांबली. "इतकी वर्षं शाली हातानं धुतल्या गं, खोट जाईल म्हणून. स्वतःच्याच पाण्यातून काढायची आणि त्यालाच कौल लावायची!"

मग आईच्या खांद्याला काहीतरी झालं, तो हलू लागला. रडतेय की काय म्हणून वहिनी पुढे झुकली, तर आई हसत होती. धाकटीलाही हसू फुटलं. तान्ह्यानं त्याच मुहूर्तावर ढेकर दिला.

"तुझं रडं थांबलं म्हणून मी त्या माणसाच्या पाया पडले," आई डोळे पुसत म्हणाली. "त्या वेळी तुझं रडं कुणीही थांबवलं असतं ना, मी त्याच्या पाया पडले असते. मी तुला थांबवणार नाही. जायचं तर जा. पण हे घे."

तिनं ओच्यातून कागदाची पुडी काढली. उघडून पाहायची गरज नव्हती. आतली वाळकी पानं बोटांखाली कुरकुरली.

"हा वास तुझ्या घरचा आहे. कुणाकडे मागायला लागू नये तुला."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

*

गाडीवरचे काका दरवेळचेच. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, बायको वारल्यापासून टेकडीवर सेवेला. दाराबाहेर उभे राहून ते नेहमीसारखे वाकले. लाँड्रीलाही ते देवळासारखंच वाकत. दादानं बोचकी एकेक करून गाडीत ठेवली. चिमणी तिची छोटी पिशवी घेऊन पायरीवर उभी होती, पाठ ताठ. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला कुणीच काही सांगत नसे.

धाकटी बाहेर आली. हातात पुडी. संध्याकाळचा वारा तिच्याकडून काकांकडे वाहत होता.

काका थबकले. त्यांचे डोळे मिटले, सुरकुत्या सैल झाल्या, एवढा मोठा माणूस शाळकरी मुलासारखा दिसायला लागला. "गुरुजींनी पाठवलंय का काही?"

"नाही, काका. लिंबाची पानं आहेत. माझे बाबा पाण्यात घालायचे. सगळ्यांच्याच कपड्यांना घालतो आम्ही." तिनं पुडी उघडून दाखवली. आणखी काय सांगायचं? एवढं पुरेसं होतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, काहीतरी कोसळेल म्हणून.

काकांनी पानं पाहिली. हुंगली. आणि हसले, फार मायेनं, जणू तीच लहान होती.

"तेच तर, पोरी. त्यांच्या पायाशी प्रत्येकाला आपलं माणूस भेटतं. तुला तुझे बाबा. माझी ही लिंबाचं सरबत करायची उन्हाळ्यात. मला वाटायचंच, हिचा हात आहे यात. गुरुजींना म्हटलं तर ते म्हणाले, ती माझ्याकडेच आहे."

तेच शब्द, तसेच.

धाकटीला वाटलं आपण आरशासमोर उभ्या आहोत, आणि आरशातला माणूस म्हातारा झालाय, आणि तो सुखी आहे, आणि त्याच्या सुखाला हात लावायची आपली छाती नाही. ती आणखी वीस वर्षांनी अशीच दारात उभी राहील. मुलांच्या घरातून मोठी होऊन आलेली एक ताठ पाठीची बाई तिला ओळखणार नाही.

"एक पान देशील?" काकांनी विचारलं.

तिनं चांगली मूठभर दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात, डाव्या बाजूला, जपून ठेवली.

"बसा मग. उशीर होतोय."

"तुम्ही निघा, काका."

"आणि तुम्ही दोघी?"

मागे दारात कोणकोण उभं आहे ते तिला पाठीला कळत होतं. दादाही होता, आणि चमत्कार म्हणजे तो गप्प होता.

"आज नाही," ती म्हणाली.

"उद्या येऊ गाडी घेऊन?"

उद्याचं तिला माहीत नव्हतं. उद्या कदाचित ती स्वतःच टेकडीचा रस्ता धरेल, शिवणकामवालीला आणायला, किंवा तसं स्वतःला सांगून आणखी कशासाठी.

"शिवणकामवालीला निरोप द्याल? मी इथं आहे म्हणून. आमच्या घरी. एवढंच सांगा. आणि चिमणी इथंच राहील."

काकांनी मान हलवली, त्यांना वाईट वाटलं होतं, तिच्यासाठी. गाडी वळली, बोचक्यांमधल्या सगळ्या वासासकट उतारावरून दिसेनाशी झाली. धाकटी तिथंच उभी राहिली. कुणी जवळ आलं नाही. वहिनीनं दादाची बाही धरून ठेवली होती.

पायरीवर चिमणीनं पिशवी खाली ठेवली. आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. तिचा हात वर निघाला. छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, तिथं थोडा थांबला. मग त्याच हातानं तिनं नाक खाजवलं.

"मला भूक लागली," ती म्हणाली.